दगडाला पाजलेलं तेजाब

मी दगडांचं शास्त्र शिकलो ते उर्दूतून. हैद्राबादच्या विद्यापीठात तेव्हा सगळंच उर्दूतून चालायचं. पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि थोड्याच दिवसांत तेच वर्ग, तेच बाक, तेच मास्तर इंग्रजीतून बोलायला लागले. घरी आम्ही मराठी, शेजारीपाजारी कानडी. राजेश्वर या आमच्या गावी रानातल्या एकाच काळ्या धोंड्याला माझ्याकडं चार भाषांतली चार नावं होती, आणि त्यातलं एकही वडिलांच्या उपयोगाचं नव्हतं. मी सुट्टीत घरी गेलो की ते विचारायचे, "दगडाचं शिकून पुढं काय करणार हैस?"

एम.एस्सी. झाल्यावर मी ज्यांच्या हाताखाली संशोधनाला लागलो, ते प्रोफेसर उंच, वाळके, कायम काळ्या शेरवानीत. तरुणपणाची बरीच वर्षं त्यांनी आसामातल्या तेलाच्या विहिरींवर काढली होती. आम्हा पोरांना वाटायचं की तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठलेलं असतं आणि नळ घातला की वर येतं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक भिजलेली वीट टेबलावर ठेवली. म्हणाले, विटेत पाणी कुठं आहे ते दाखवा. तेल असंच असतं, दगडाच्या रंध्रारंध्रांत. विहीर चालते ती या रंध्रांच्या जिवावर. ती बुजली की पोटात माल असूनही विहीर मंद पडते. अशी विहीर पुन्हा चालती करायची, याला ते 'कुएं को जगाना' म्हणत. विहीर जागवायची. हाच त्यांचा विषय होता, आणि तोच माझा झाला.

आमच्या मुलखात तेल नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण चुनखडीचा दगड होता, हवा तेवढा. चुनखडीवर मिठाचं तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, टाकलं की ती फसफसते आणि विरघळते, हे शाळेतलं पोरही सांगेल. प्रोफेसरांना पुढचं हवं होतं. तेजाब दगडात घुसताना वाट कशी काढतं? सगळा दगड सारखा खातं, की निवडून खातं?

प्रयोगशाळेत मी चुनखडीची मुठीएवढी भरीव नळकांडी कापायचो, पितळी साच्यात घट्ट बसवायचो आणि एका बाजूनं दाबानं तेजाब सोडायचो. दुसऱ्या बाजूनं आधी काहीच यायचं नाही. मग एक थेंब. मग एकदम धार. नळकांडं बाहेर काढलं तर वरच्या तोंडावर सुईनं टोचल्यासारखी चार भोकं आणि खाली एकच. मधे काय झालं ते दिसायचं नाही. नळकांडं फोडलं की सगळाच भुगा.

मग एक दिवस प्रोफेसरांनी मेण वितळवलं. गरम केलेल्या नळकांड्यात वरच्या भोकांतून ते हळूहळू ओतलं, थंड होऊ दिलं, आणि अख्खं नळकांडं तेजाबाच्या काचपात्रात सोडून दिलं. दगड फसफसत राहिला. आम्ही चहा पिऊन आलो, पुन्हा ताजं तेजाब घातलं, पुन्हा बसलो. संध्याकाळच्या सुमाराला फेस बसला. दगड संपला होता. काचपात्राच्या तळाशी मेणाचं एक झाड आडवं पडलं होतं. खाली एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि शेवटाला केसाएवढे बारीक फाटे. कुठं दोन फांद्या जवळ येऊन मिळालेल्या, कुठं एक फांदी थोडी जाऊन थांबलेली.

हे झाड त्या दगडात कुणी कोरलं नव्हतं. तेजाबाला डोळे नव्हते. तरी त्यानं वाट शोधली होती आणि ती झाडासारखी निघाली होती. प्रोफेसर चष्मा पुसत उभे होते. पुसून झाला तरी त्यांनी तो पुष्कळ वेळ घातला नाही.

त्या दिवसापासून त्यांना खरी विहीर हवी झाली. तेलाची मिळणार नव्हती, तर पाण्याची. ते म्हणाले, तेल असो की पाणी, दगडाला दोन्ही सारखंच. चुनखडीतली, बोअर घेतलेली आणि मंद पडलेली विहीर शोध. मला शोधायची गरज पडली नाही. माझी अक्का तशाच विहिरीच्या काठावर नांदत होती.

अक्काला चिंचोळीच्या अंगाला दिलं होतं. राजेश्वरचा काळा कातळ मागं पडून जिथं फरशीचा, म्हणजे चुनखडीचाच, दगड सुरू होतो, त्या पट्ट्यात. तिच्या गावात घराच्या भिंती फरशीच्या, छत फरशीचं, गुरांची दावण फरशीची. दाजींचं रान चांगलं होतं. त्यांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं, आणि पाणी वाढावं म्हणून विहिरीच्या तळात बोअर मारून घेतलं होतं. बोअर कोरडं नव्हतं, पण थेंबथेंब चालायचं. इंजिन लावलं की ते नीट तापायच्या आत विहीर रिकामी. मग दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा.

दाजी लगेच तयार झाले. अक्का झाली नाही. "तेजाब म्हंजे इषच की," ती म्हणाली. "जे सोनार वापरायलाय ते. त्ये तू माज्या हिरीत कामून घालायलास, तम्मा?" तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, ही तिची कानडी हाक. मी तिला समजावलं की दगड तेजाबाला खातो आणि तेजाब दगडाला खातं. दोन्ही संपतात, मागं एक प्रकारचं मीठ राहतं आणि हवा राहते. मीठ उपसून टाकता येतं. तिनं ऐकून घेतलं, पण हो म्हणाली नाही. म्हणाली, तुझ्या मास्तरला आण, त्याच्या तोंडून ऐकते.

प्रोफेसर आले ते तांडूर स्टेशनावर उतरून, बैलगाडीनं. पोलीस अ‍ॅक्शनच्या साली त्या भागात काय काय झालं ते हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं अजून बोलत नव्हती. शेरवानीतला माणूस गावात शिरला तशी काही दारं लोटली गेली. ते प्रोफेसरांनीही पाहिलं. अक्कानं त्यांना ओसरीवर घोंगडी टाकली. तिनं दखनीत विचारलं, त्यांनी दखनीत सांगितलं. मी जे सांगितलं होतं तेच, फक्त कमी शब्दांत. शेवटी ते म्हणाले, "पानी साफ हुआ के नई, वो मैं पैले पी के बताऊंगा. उसके बाद आप लोगां पियो."

अक्कानं आत जाऊन चहा टाकला. हो म्हणायची तिची ती रीत होती.

तयारीला बरेच दिवस गेले. तेजाबाचे काचेचे बुधले वेताच्या टोपल्यांत, भोवती पेंढा कोंबून आले. गाडीवान त्यांना तान्ह्या लेकरासारखं जपत होता. माझी सगळ्यात मोठी काळजी लोखंडाची होती, कारण दगडाआधी तेजाब नळालाच खाणार. त्यावर वर्षभर खपून मला एक उपाय सापडला होता. सुताराकडचा सरस तेजाबात विरघळवला की तो लोखंडावर साय धरतो, आणि तेजाब नळाला सोडून दगडाकडं जातं. सरसाचा वास सगळ्या रानात सुटला. बोअरच्या तोंडात लोखंडी नळ सिमेंटनं बसवला आणि विहिरीच्या काठापर्यंत वर आणला. त्याला व्हॉल्व आणि दाब दाखवणारा काटा. विहिरीच्या भिंतीत पारवे राहायचे, त्यांना दाजींनी टाळ्या वाजवून उडवून लावलं आणि वर जाळं टाकलं. आत माणूस उतरायचा नाही, हे प्रोफेसरांनी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं.

तो दिवस उन्हाळ्याचा होता, सकाळ. निम्मं गाव लांब उभं होतं. आम्ही तेजाब नळात सोडलं, मागून त्याला ढकलायला पिंपातलं पाणी सोडलं आणि व्हॉल्व बंद केला.

आधी काही नाही. मग काटा हलला. तो वर चढायला लागला तसा प्रोफेसरांनी नळाला कान लावला आणि मला खुणेनं बोलावलं. मीही कान लावला. आत खूप खोल, तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज येत होता, पण न थांबणारा. मधूनच कटकट, दाताखाली खडा यावा तशी. मी आजवर दगड पाहिला होता, तोडला होता, तोलला होता. त्याला ऐकलं नव्हतं. दाजींनी कान लावला आणि घाबरून काढून घेतला. मग पुन्हा लावला.

काटा चढत गेला. आणि मग पायाखाली एक हादरा बसला. मोठा नव्हे, कुणी शेजारच्या खोलीत पोतं टाकावं तेवढा. काटा एकदम खाली पडला.

"खुल गया," प्रोफेसर हळूच म्हणाले.

विहिरीच्या तळाशी गुडघाभर पाणी होतं. ते उकळायला लागलं. कडेकडेच्या भेगांतून बुडबुड्यांच्या माळा वर यायला लागल्या, पाणी दुधासारखं पांढरं झालं. लोक काठाजवळ सरकायला लागले तशी प्रोफेसरांनी त्यांना मागं हटवलं आणि पेटता कंदील दोराला बांधून खाली सोडायला लावला. कंदील निम्म्यावर गेला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी विझला. विहिरीत डोळ्याला काही दिसत नव्हतं. ऊन सरळ तळापर्यंत जात होतं. पण निम्म्या विहिरीत न दिसणाऱ्या हवेचं तळं भरलं होतं, आणि त्यात ज्योत बुडत होती. पारव्यांचं जाळं नीट बांधलंय का, हे दाजींनी स्वतः जाऊन बघितलं.

तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून एक म्हातारी तरातरा येताना दिसली. धनगराच्या घरची होती ती. मेंढरं विकून तिच्या घरानं दोन पिढ्यांपूर्वी शेती धरली होती. तिचं माहेर उदगीरकडचं, म्हणून अक्काचं आणि तिचं मराठीतून चालायचं. सगळे तिला अव्वा म्हणत. ती थेट अक्कापुढं येऊन उभी राहिली.

"माजी हिर उकळायलीय," ती म्हणाली. "तुमी काय केलाव?"

आम्ही धावलो. तिची विहीर ओढ्यापलीकडं, दोन रानं सोडून होती. मी वाकून बघितलं. स्वच्छ पाण्याच्या मधोमध बारीक बुडबुड्यांची एक वेल तळातून वर येत होती आणि भोवतीचं पाणी हळूहळू गढूळ पांढरं होत होतं. आम्ही एका ठिकाणी श्वास फुंकला होता आणि जमीन तो दुसऱ्या ठिकाणी सोडत होती. मधे एवढं रान, ओढा, बांध, बाभळी. वरून बघणाऱ्याला त्या दोन विहिरींचं काहीच नातं नव्हतं.

प्रोफेसरांनी हे गृहीत धरलंच नव्हतं. त्यांनी घागरभर पाणी काढवलं, लिटमसचा कागद बुडवला, दुसरा बुडवला. तेजाब नव्हतं, नुसती हवा होती, सोड्याच्या बाटलीत असते तशी. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावलं आणि मला म्हणाले की सांग तिला, धोका नाही. मी सांगितलं.

अव्वानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती त्यांनाच म्हणाली, "इष न्हाई म्हंतूस, खरं आसंल. पर माज्या हिरीला न इचारता हात लावलास का न्हाई?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. प्रोफेसरांनी हात करून मला थांबवलं. त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, "हौ अम्मा, लगाया. गलती हुई. पूछना था."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी कधी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. हैद्राबादला परत जायचा बेत त्यांनी मोडला. अक्काच्या ओसरीवर मुक्काम टाकला आणि रोज सकाळ-संध्याकाळ ओढा ओलांडून अव्वाच्या विहिरीवर जायला लागले. पाणी तपासायचे, चव घ्यायचे. ते निवळेपर्यंत तिच्या घरचं पाणी गावातल्या आडावरून भरायचं ठरलं. ते अक्कानं ठरवलं आणि दाजींच्या गड्यांकडून भरून घेतलं. इकडं आम्ही लिंबाच्या फांद्यांचे भारे दोराला बांधून विहिरीत वरखाली हलवत होतो. आतली जड हवा ढवळून बाहेर काढायची ही तिथली जुनी रीत. कंदील तळापर्यंत पेटता जायला लागला, तेव्हाच इंजिन लावलं.

पहिलं पाणी पांढरं, मग करडं, तोंडात धरलं तर कडवट-खारट. ते ओढ्यात न सोडता पडीक रानात सोडलं. दुसऱ्या दिवशी निवळलं. आणि इंजिन चालतच राहिलं. दाजी काठावर बसून होते. त्यांना सवय होती की एवढ्यात फुरफुर व्हावी आणि इंजिन बंद करायला पळावं. फुरफुर होईना. दुपार कलली तरी पाइपातून मनगटाएवढी धार पडत होती. दाजी उठले, धारेखाली हात धरला आणि धरूनच ठेवला, जसं काही हात काढला तर ती थांबेल. अक्का लांब बांधावर उभी राहून बघत होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं घेतला, देवापुढं घेते तसा.

दाजींच्या पाण्याची चव सुधारायला बरेच आठवडे लागले; तोवर अव्वाचं पाणी निवळून प्रोफेसर परत गेले होते. सुधारली तेव्हा प्रोफेसर मुद्दाम हैद्राबादहून आले आणि शब्द दिला होता तसं आधी प्याले.

पण तोवर दुसरं झालं होतं. दाजींचं इंजिन जोरात चाललं की ओढ्यापलीकडं अव्वाच्या विहिरीचं पाणी हातभर खाली जायचं. तिच्या मोटेला मग पाणी कमी पडायचं. तिच्या मुलानं दाजींना बांधावर गाठलं, शब्दाला शब्द वाढला. दाजींचं म्हणणं, पाणी माझ्या हिरीत येतंय, मी उपसतो. मुलाचं म्हणणं, तुमच्या तेजाबानं आमच्या हिरीला भोक पाडलंय. दोघंही माझ्याकडं वळले, की तू शिकलेला आहेस, सांग.

मी तो प्रश्न जसाच्या तसा हैद्राबादला नेला. ती वाट आपण पाडली, की आधीपासूनच होती आणि आपण फक्त तिच्यात फुंकर घातली? प्रोफेसरांनी नकाशे पसरले, दगडाचे थर काढले, भेगांच्या दिशा काढल्या. पुष्कळ दिवसांनी ते म्हणाले, "मालूम नई. और मालूम करने का कोई तरीका भी मेरे पास नई है." एवढ्या मोठ्या माणसाला हे म्हणताना मी प्रथमच ऐकलं. त्यात लाज नव्हती. उलट त्यांचा आवाज हळू झाला होता, मशिदीत किंवा मठात होतो तसा.

भांडण मिटवलं ते अक्कानं आणि अव्वानं. पाणी एकच आहे, तोंडं दोन आहेत, हे त्या दोघींनी आमच्याआधी मान्य केलं. सकाळी इंजिन चालायचं, दुपारनंतर मोट. उन्हाळ्याच्या शेवटी दोन्ही कमी. वाट कुणी पाडली हा प्रश्न त्यांनी मधे आणलाच नाही. दाजी कुरकुरले, पण अक्काच्या शब्दापुढं गेले नाहीत.

माझा प्रबंध त्या दोन विहिरींवरच झाला. पुढं एकदा मी हौसेनं तेजाबाची बाटली घेऊन राजेश्वरला गेलो आणि वडिलांच्या विहिरीतल्या काळ्या कातळावर ओतली. तो ढिम्म. एक बुडबुडासुद्धा आला नाही. वडील म्हणाले, "ह्यो आपला दगड हाय. ह्यो कुणाचं ऐकत न्हाई." आम्ही दोघं हसलो. पण मला त्याचंही नवल वाटलं. एका दिवसाच्या गाडीवाटेवर एक दगड फुंकर घातली की बोलतो, आणि दुसरा काही केल्या तोंड उघडत नाही.

मग राज्यांची वाटणी आली. आमच्या शेजारच्या कल्याणीचं नाव बसवकल्याण झालं. बीदर, गुलबर्गा म्हैसुरात गेले, हैद्राबाद आंध्रात, आणि माझं नोकरीसाठी तिसरीकडंच जायचं ठरलं. निघायच्या आधी अक्काला भेटायला गेलो. दुपारी ओढा ओलांडून अव्वाकडं गेलो तर ती विहिरीच्या काठाशी, मोट रिती होते त्या थारोळ्यावर बसली होती. मोट अजून जुंपली नव्हती. मी म्हणालो, मोट लवकर लाव, दिवस कलेल. ती म्हणाली, थांब, तिकडलं इंजिन आत्ताच बंद झालंय.

मी तिच्या शेजारी बसून खाली बघायला लागलो. भिंतीवर पाण्याची ओली रेघ होती आणि पाणी तिच्याखाली उभं होतं, काळं, हलत नसलेलं. कुठून धार नाही, आवाज नाही. बघता बघता रेघेच्या खालचा एक दगड निम्मा बुडाला. मग पुरा बुडाला. ओढ्याखालून, रानाखालून, आमच्यापैकी कुणीच न पाहिलेल्या वाटेनं ते येत होतं.

"आलं बघ," अव्वा म्हणाली, आणि बैल आणायला उठली.